लाईट जाऊन आली की रास्पबेरी पायचा सिरीयल पोर्ट गप्प : पाच वेळा पाच कारणं निघाली, ती सगळी इथं

आमच्या काकांची अंबड तालुक्यात मोसंबी आहे. विहिरीवर साडेसात एचपीची मोटार, आणि स्टार्टरच्या पेटीशेजारी मी एक रास्पबेरी पाय ३ बी (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं पाय म्हणतो) बसवून दिलाय. त्याचं काम एवढंच की पॅनलमधल्या थ्री फेज मीटरकडून आरएस-४८५ वर (ए आणि बी अशा दोन वायरींवरनं डाटा नेणारी जोडणी) मॉडबसने (मीटरशी बोलायची भाषा) तिन्ही फेजचं व्होल्टेज वाचायचं आणि तिन्ही नीट असले तरच मोटार चालू करायची. एक फेज उडालेला असताना मोटार चालत राहिली की वाइंडिंग जळतं हे आपल्याकडं लहान पोराला पण माहितीय, आणि एप्रिल-मे मध्ये मोटार जळली की रिवाइंडिंगवाल्याकडं नंबर लागेपर्यंत चार-पाच दिवस जातात, तेवढ्या दिवसात आंबिया बहाराची फळगळ सुरू होते. म्हणून हा डबा बंद पडलेला मला अजिबात चालत नाही.

आणि गेल्या दीड वर्षात चार वेळा तो आणि एकदा शेततळ्यावरचा असाच दुसरा डबा, असं पाच वेळा बंद पडलं. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, मध्येच झटका मारून जाते, त्यामुळं पाय दिवसातनं दोन-चार वेळा तरी रीबूट होतो. मग रात्री दीड वाजता चुलत भावाचा फोन, "दादा, डाटा यायलाच नाई, मोटार चालू व्हईना." पाचही वेळा 'डाटा यायलाच नाई' हे ठरलेलंच होतं. मी पहिल्या दोन वेळा जे सगळे करतात तेच केलं, रीबूट, वायर उलटसुलट, शेवटी मेमरी कार्ड नव्यानं फ्लॅश, आणि चाललं की सोडून दिलं, म्हणूनच ते परत परत बंद पडत राहिलं. लक्षण एक असलं तरी कारण दरवेळी निराळ्या थरात असतं, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी लावला की चालणारं पण बंद पडतं. त्यामुळं आता माझा नियम असा की वायरला हात लावायच्या आधी कर्नलला (लिनक्सचा गाभा, हार्डवेअर तोच सांभाळतो) विचारायचं, तुझ्याकडं पोर्ट आहे का, कोणता आहे, आणि तो आत्ता कुणाच्या हातात आहे.

खाली कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात टाकायची, फक्त टीटीवायनंतरचं एस, एएमए, यूएसबी आणि कॉन्फिग_ नं सुरू होणारी कर्नलची नावं कॅपिटलमध्ये. आकडे अर्थातच इंग्रजी.

पहिली कमांड ही (पहिल्या शब्दाचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी):

डीमेसेज | ग्रेप टीटीवाय

पाय ३ वर यात दोन ओळी महत्त्वाच्या. एक टीटीवायएस० ची, तिच्यात पत्ता ०एक्स३एफ२१५०४० असतो आणि शेवटी 'इज ए १६५५०' लिहिलेलं असतं. दुसरी टीटीवायएएमए० ची, पत्ता ०एक्स३एफ२०१०००, शेवटी 'इज ए पीएल०११'. हे दोन वेगळे यूआर्ट (सिरीयल पोर्ट चालवणारी सर्किटं) आहेत, एकाच चिपमध्ये, आणि सगळा घोळ इथून सुरू होतो. पीएल०११ हा पूर्ण यूआर्ट, त्याला पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) येते, फ्रेमिंग एरर (बाइटचा शेवट जागेवर न सापडणं) कळते, स्वतःचं ठराविक क्लॉक आहे. दुसरा मिनी यूआर्ट, त्याला पॅरिटी येत नाही, फ्रेमिंग एरर कळत नाही, बफर ८ बाइटचा, आणि त्याचा बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) चिपच्या कोअर क्लॉकवर अवलंबून. विहिरीवरची मोटार आणि नळाला लावायचा टुल्लू पंप यात जेवढा फरक तेवढा म्हणा. पाय ३ पासून ब्लूटूथ आलं आणि चांगला पीएल०११ ब्लूटूथला दिला गेला, आपल्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर, म्हणजे जीपीआयओ १४ आणि १५ वर, डिफॉल्टला मिनी यूआर्ट येतो. पाय २ वर तयार केलेली स्क्रिप्ट पाय ३ वर टाकली की चालत नाही त्याचं मूळ हेच.

टीटीवायएस० च्या ओळीत एक आकडा असतो, बेस_बॉड = ३१२५००००. याच्याकडं कुणी बघत नाही, पण हा लई कामाचा आहे. २५ कोटी हर्ट्झ भागिले ८ केलं की बरोबर ३ कोटी १२ लाख ५० हजार येतात, म्हणजे कर्नल समजतोय की कोअर क्लॉक २५० मेगाहर्ट्झ आहे. खरं क्लॉक किती आहे ते 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_क्लॉक कोअर' सांगतं, त्याला ८ नं भागायचं आणि बेस_बॉडशी जुळवायचं. जुळत नसलं तर ९६०० म्हणून पाठवलेलं ९६०० ला जाणारच नाही, आणि तुम्ही स्क्रिप्ट कितीही बदला, उपयोग नाही. कॉन्फिग.टीएक्सटी (पायची सेटिंगची फाइल) मध्ये इनेबल_यूआर्ट=१ टाकलं की फर्मवेअर (कर्नलच्या आधी चालणारा पायचा प्रोग्रॅम) पोर्ट पण चालू करतं आणि पाय ३ वर कोअर क्लॉक २५० वर बांधून पण ठेवतं, म्हणून ती ओळ लागतेच. मिनी यूआर्ट वापरत असाल तर त्या फाइलीत ओव्हरक्लॉकिंगच्या ओळी टाकू नका, विशेषतः कोअर_फ्रीक.

आता आमच्या पाच वेळा सांगतो.

पहिल्या वेळी पोर्ट कर्नलच्याच हातात होता. मीटरचं उत्तर यायचं पण अर्धवट, कधी तीन बाइट, कधी पाच, सीआरसी (डाटा नीट आला का ते तपासायचा आकडा) कधीच जुळायचा नाही. 'सुडो फ्यूजर -व्ही /देव्ह/टीटीवायएस०' केलं तर माझ्या पायथॉन स्क्रिप्टशिवाय आणखी एक जण तिथं बसलेला दिसला, एगेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम. मीटर जे बोलायचा त्यातले काही बाइट हा खायचा, उरलेले माझ्या स्क्रिप्टला मिळायचे. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० दिसलं तर समजायचं की कर्नल बूट होताना सगळे मेसेज तुमच्या मीटरवर पण ओततोय. उपाय रास्पी-कॉन्फिगमध्ये आहे, इंटरफेसमध्ये सिरीयल पोर्ट निवडला की दोन प्रश्न येतात, लॉगिन शेल पाहिजे का याला नाही म्हणायचं, आणि हार्डवेअर चालू ठेवायचं का याला हो म्हणायचं. घाईत दोन्हीला नाही म्हणणारे मी लई बघितलेत, मग पोर्टच गायब होतो. हातानं करणार असाल तर सीएमडीलाइन.टीएक्सटी मधला फक्त तो कन्सोलचा तुकडा काढा (फाइलीत तो कन्सोल=सिरीयल०,११५२०० असा असतो), आणि ती फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे, चुकून एंटर दाबलं तर पाय बूटच होणार नाही. २०२३ च्या बुकवर्म पासून ह्या दोन्ही फाइली /बूट/फर्मवेअर/ मध्ये गेल्यात, जुन्या व्हिडिओत नुसतं /बूट/ सांगतात, तिथं बदल करून काही होत नाही आणि माणूस दिवसभर कामून होईना म्हणून डोकं धरून बसतो.

कन्सोलचीच एक गोष्ट वाळूजला एमआयडीसीत काम करणाऱ्या मित्राच्या ऑरेंज पायची. तो बोर्ड चारपैकी एकदा बूटच व्हायचा नाही. त्या बोर्डांवर कर्नलच्या आधी यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) येतं, आणि ते सिरीयलवर दोन सेकंद वाट बघतं की कुणी की दाबतंय का. याचा सेन्सर पॉवर आल्या आल्या स्वतःहून डाटा पाठवायचा, यू-बूटला वाटायचं कुणीतरी की दाबली, आणि ते प्रॉम्प्टवर थांबून राहायचं. बूटडिले -२ केलं, म्हणजे वाट पण बघायची नाही आणि की पण तपासायची नाही, तेव्हापासून एकदा पण अडकलं नाही. रास्पबेरी पायवर यू-बूट नसतं म्हणून हा त्रास नाही, पण दुसरे बोर्ड वापरणाऱ्यांनी हे आधी बघावं.

दुसऱ्या वेळी मीटरच बदलला होता. जुना जळाला, नवीन बसवला, आणि नुसती शांतता, एक बाइट नाही. आरएस-४८५ मॉड्यूलवरचा पाठवायचा दिवा लुकलुकायचा, यायचा दिवा मेल्यासारखा. मी ए आणि बी वायरी तीनदा अदलाबदल केल्या. शेवटी मीटरचं छोटं पुस्तक नीट वाचलं, त्यात डिफॉल्ट ८ई१ लिहिलेलं, म्हणजे इव्हन पॅरिटी. मॉडबस १९७९ सालचा, आणि त्याच्या नियमात इव्हन पॅरिटीच डिफॉल्ट आहे, त्यामुळं असे मीटर तुम्हाला भेटणारच. स्क्रिप्टमध्ये मी पॅरिटी 'ई' लिहून दिली, लायब्ररीनं एरर दिली नाही, आणि तरी शांतताच. कारण खालचा मिनी यूआर्ट! त्याच्या हार्डवेअरमध्ये पॅरिटीच नाही, तो बिचारा ८एन१ (आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप) च पाठवत राहतो. मीटर एका बाइटला ११ बिट मोजतोय, स्टार्ट एक, डाटाचे आठ, पॅरिटी एक, स्टॉप एक. पाय मात्र १० बिटात बाइट संपवतोय. म्हणजे पायचा स्टॉप बिट मीटर पॅरिटी म्हणून वाचतो, आणि जिथं त्याला स्टॉप पाहिजे तिथं पुढच्या बाइटचा स्टार्ट येऊन धडकतो. मीटर अशी फ्रेम फेकून देतो आणि मॉडबसमध्ये खराब फ्रेमला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून शांतता. त्याची काहीच चूक नव्हती.

याला दोन रस्ते आहेत. मीटरच्या बटणांवरून पॅरिटी नन करता येत असेल तर करा, पाच मिनिटांचं काम. पण माझं मत असं की ज्या डब्यावर मोटार अवलंबून आहे त्याला पीएल०११ च द्यावा, शेतात ब्लूटूथचं काम काय. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये शेवटी ह्या दोन ओळी:

इनेबल_यूआर्ट=१
डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी

आणि 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल एचसीआययूआर्ट', मग रीबूट. ओव्हरलेच्या नावात मधे आडवी रेघ आहे, अंडरस्कोर नाही. आता डीमेसेजमध्ये टीटीवायएएमए० दिसतो आणि ८-१० नंबरच्या पिनांवर तोच येतो. ब्लूटूथ ठेवायचंच असेल तर डिसेबल-बीटी ऐवजी मिनीयूआर्ट-बीटी, त्यात दोघांची अदलाबदल होते. पाय ४ वर तर याची गरजच नाही, तिथं आणखी चार पीएल०११ आहेत, डीटीओव्हरले=यूआर्ट३ टाकलं की जीपीआयओ ४ आणि ५ वर स्वतंत्र पोर्ट मिळतो, यूआर्ट५ टाकलं की १२ आणि १३ वर. नवीन कुणी घेणार असेल तर मी हेच सांगतो.

तिसऱ्या वेळी चूक माझ्याच दुसऱ्या उपायाची. झटक्यात कार्ड करप्ट झालं, भावानं माझ्याकडची जुनी इमेज टाकली, ती डिसेबल-बीटीच्या आधीची होती, आणि स्क्रिप्ट मात्र नवीन, तिच्यात /देव्ह/टीटीवायएएमए० कायमचं लिहिलेलं. तो पोर्ट त्या इमेजवर होता की, उघडला पण, एरर नाही, काही नाही, फक्त तो ब्लूटूथच्या चिपशी जोडलेला होता आणि स्क्रिप्ट चार तास ब्लूटूथला फेजचं व्होल्टेज विचारत बसली. म्हणून स्क्रिप्टमध्ये नेहमी /देव्ह/सिरीयल० लिहा, ते फक्त बोट दाखवणारं नाव आहे आणि पिनांवर जो यूआर्ट असेल त्याच्याकडं बोट दाखवतं. 'एलएस -एल /देव्ह/सिरीयल०' केलं की बाणापुढं खरं नाव दिसतं. मी आता स्क्रिप्ट सुरू होतानाच हे तपासतो आणि बाणापुढं टीटीवायएएमए० नसलं तर स्क्रिप्ट स्पष्ट मेसेज देऊन थांबते. पाय ५ वाल्यांनी जरा जपून, तिथं सिरीयल० डिफॉल्टला एचडीएमआयच्या जवळच्या छोट्या तीन पिनांच्या डीबग कनेक्टरकडं, म्हणजे टीटीवायएएमए१० कडं बोट दाखवतं.

चौथी वेळ सगळ्यात जास्त शिकवून गेली. लाईट आल्यावर पाय लवकर उठावा म्हणून मी कर्नल स्वतः बिल्ड करायचं ठरवलं, नको ते सगळं काढून टाकलं, साउंड, कॅमेरा, ब्लूटूथ. मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायचा मेनू, निवड .कॉन्फिग फाइलीत जाते) डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात कॅरेक्टर डिव्हाइसेस, त्यात सिरीयल ड्रायव्हर्स. तिथं पहिलीच ओळ ८२५०/१६५५० ची. मला वाटलं ८२५० तर १९८१ च्या आयबीएम पीसीतली चिप, आर्म बोर्डावर तिचं काय, आणि ती काढली. हाच कर्नल विहिरीवरच्या आणि शेततळ्यावरच्या दोन्ही डब्यात टाकला. विहिरीवरचा झकास चालला. शेततळ्यावरचा लेव्हल सेन्सर बंद. तिथं सेन्सर ८एन१ होता म्हणून मी मिनी यूआर्टच ठेवला होता, आणि मिनी यूआर्टची रचना १६५५० सारखी असल्यानं त्याचा ड्रायव्हर ८२५० च्या पोटातच आहे. विहिरीवर पीएल०११ असल्यानं त्याला फरक पडला नाही. दोन डबे, एक कर्नल, एक चालतोय एक नाही, अशा वेळी माणूस सेन्सरलाच दोष देतो. मी पण सेन्सर काढून जालन्याला घेऊन आलो होतो, टेबलावर लॅपटॉपला लावला तर ठणठणीत.

पायसाठी कर्नलमध्ये हे तीन असलेच पाहिजेत: कॉन्फिग_सिरीयल_८२५०, कॉन्फिग_सिरीयल_८२५०_बीसीएम२८३५एयूएक्स, आणि कॉन्फिग_सिरीयल_एएमबीए_पीएल०११. कन्सोल पण सिरीयलवर पाहिजे असेल तर त्यांचे कन्सोलवाले पर्याय पण, आणि तेव्हा हे सगळं 'वाय' (कर्नलच्या आतच) पाहिजे, 'एम' (वेगळा मॉड्यूल) चालत नाही, कारण कन्सोल मॉड्यूल लोड व्हायच्या आधी लागतो.

मग मी काय केलं, घाईघाईत .कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून बीसीएम२८३५एयूएक्स ची ओळ हातानं लिहिली आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं. अर्ध्या रात्रीचं बिल्ड, सकाळी कार्ड घेऊन शेततळ्यावर, आणि पुन्हा काही नाही. ती ओळ सिरीयल_८२५० वर अवलंबून आहे, आणि वरची चालू नसली की ओल्डडेफकॉन्फिग खालची ओळ न सांगता काढून टाकतं, एक शब्दाची वॉर्निंग नाही. त्यामुळं फाइल एडिट केल्या केल्या नाही तर ओल्डडेफकॉन्फिगच्या नंतर ग्रेप करून बघायचं, 'ग्रेप सिरीयल_८२५० .कॉन्फिग' (यातलं सिरीयल पण कॅपिटलमध्ये). आणि चालू असलेल्या कर्नलमध्ये काय आहे ते बघायला 'सुडो मॉडप्रोब कॉन्फिग्स' करून 'झेडकॅट /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड | ग्रेप ८२५०'. तुमच्या फोल्डरमधली .कॉन्फिग आणि कार्डावर खरोखर चालणारा कर्नल ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

ड्रायव्हर आत असून पण टीटीवायएस० नाही असं पण होतं. कॉन्फिग_सिरीयल_८२५०_रनटाइम_यूआर्ट्स नावाचा एक आकडा आहे, पायच्या डेफकॉन्फिगमध्ये तो ० आहे, म्हणजे ड्रायव्हर आहे पण एकही पोर्ट नोंदवणार नाही. इनेबल_यूआर्ट=१ टाकलं की फर्मवेअर कर्नलच्या सीएमडीलाइनमध्ये ८२५०.एनआर_यूआर्ट्स=१ स्वतःहून जोडतं आणि तेव्हा पोर्ट उगवतो. म्हणजे दोन कुलपं आहेत, एक कर्नलमध्ये, एक फर्मवेअरमध्ये, आणि दोन्ही उघडली तरच दार उघडतं. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये एनआर_यूआर्ट्स=० दिसलं तर कर्नल परत बिल्ड करत बसू नका, कॉन्फिग.टीएक्सटी बघा.

स्वतःचा कर्नल टाकणाऱ्यांना आणखी एक सांगतो, त्याचं नाव कर्नल८.आयएमजी ठेवू नका. पुढच्या एपीटी अपग्रेडला त्यावर पॅकेजचा कर्नल येऊन बसतो आणि तुम्हाला कळत पण नाही. मी माझ्या कर्नलला वेगळं फाइलनाव दिलं, कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये कर्नल= लिहून तेच नाव टाकलं, आणि कॉन्फिग_लोकलव्हर्जन मध्ये '-मोसंबी' टाकलं, आता 'यूनेम -आर' केलं की शेवटी मोसंबी दिसलं तर माझा, नाही तर त्यांचा. मॉड्यूल्सचं पण तसंच, /लिब/मॉड्यूल्स मध्ये यूनेमच्या नावाचंच फोल्डर पाहिजे. नुसता कर्नल कॉपी केला आणि 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' विसरलात तर यूएसबीवरचा सीएच३४० 'एलएसयूएसबी' मध्ये दिसेल पण टीटीवाययूएसबी० येणार नाही, कारण त्याचा सीएच३४१ नावाचा मॉड्यूल सापडतच नाही. हो, चिप ३४० आणि मॉड्यूल ३४१, शोधताना गोंधळू नका.

पाचव्या वेळी हाच यूएसबी. विहिरीवरच्या डब्याला दुसरा मीटर जोडायला सीएच३४० चा कन्व्हर्टर लावला होता. मोटार सुरू झाली की डाटा बंद, आणि दरवेळी नाही, फक्त संध्याकाळी. डीमेसेज बघितलं तर ओळीनं, आधी 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड', मग यूएसबी डिस्कनेक्ट, मग परत कनेक्ट, पण आता टीटीवाययूएसबी१. माझ्या स्क्रिप्टनं जुना टीटीवाययूएसबी० धरून ठेवलेला असल्यामुळं कर्नलला ते नाव परत देता येईना, म्हणून त्यानं पुढचा नंबर दिला. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' नं ०एक्स५०००० दाखवलं, म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून गेलंय आणि चिपनं वेग पण कमी केला होता. शेवटचा आकडा ५ असेल तर आत्ता या क्षणाला पडलेलंय. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की हे होतं. साडेसात एचपीची मोटार सुरुवातीला जो करंट ओढते त्यात आमच्या डीपीवर आधीच खाली आलेलं व्होल्टेज आणखी बसायचं, आणि त्याच लाईनवर पायचा अडॅप्टर. आता पाय १२ व्होल्टच्या बॅटरीवर आहे, मध्ये चांगला बक कन्व्हर्टर, बॅटरीला चार्जर. आणि स्क्रिप्टमध्ये टीटीवाययूएसबी चं नाव काढून /देव्ह/सिरीयल/बाय-पाथ/ मधलं नाव टाकलं, ते कोणत्या यूएसबी भोकात लावलंय त्यावरून ठरतं. बाय-आयडी पण असतं, पण सीएच३४० ला स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, दोन लावले की दोघांची आयडी एकच.

वायरिंगचं एकच सांगतो, पायची पिन ३.३ व्होल्टची आहे. ५ व्होल्टचा मॅक्स४८५ चा मॉड्यूल सरळ जोडला तर त्याची आरओ पिन ५ व्होल्ट देते आणि जीपीआयओ १५ हळूहळू मरतो, लगेच नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. ३.३ वाला मॅक्स३४८५ घ्या. पिन जिवंत आहे का बघायला मॉड्यूल काढून ८ आणि १० नंबर एका जंपरनं जोडा, मिनीकॉम उघडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा, टाइप केलेलं परत दिसलं तर पाय आणि कर्नल दोन्ही ठीक, दोष बाहेर आहे.

आणि वायर की सेटिंग हे घरबसल्या ओळखायचं असेल तर कर्नल स्वतः मोजणी ठेवतो. पीएल०११ साठी 'सुडो कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/टीटीवायएएमए', मिनी यूआर्टसाठी शेवटचं नाव 'सिरीयल'. त्यात टीएक्स (पाठवलेले बाइट) आणि आरएक्स (आलेले बाइट) चे आकडे असतात, एफई म्हणजे फ्रेमिंग एरर, पीई म्हणजे पॅरिटी एरर. आरएक्स वाढतंय आणि एफई पण वाढतंय तर बॉड रेट चुकलाय. पीई वाढतंय तर पॅरिटी. टीएक्स वाढतंय आणि आरएक्स जागचं हलत नाही तर, पॅरिटी आधीच तपासलेली असेल तर, वायर. मिनी यूआर्टला एफई-पीई कळतच नाही, तिथं ते दिसले नाहीत म्हणून खूश होऊ नका.

ह्या कमांड मी एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्यात, वर प्लास्टिक लावून. मागच्या महिन्यात रात्रीची लाईट होती, पावणेतीनला भावाचा फोन आला, पण या वेळी वाक्य वेगळं होतं. "दादा, सिरीयल झिरोपुढं एएमए झिरोच दाखवायलंय, टीएक्स वाढायलंय, आरएक्स काल रात्रीपासून तिथंच हाय." मी म्हणलं मग पोर्टला हात लावू नको, पेटीपासून मीटरपर्यंत वायर बघत जा. टॉर्च घेऊन गेला, फोन चालूच होता, पाच मिनिटांनी म्हणला, "पाइपातून बाहेर निघती तिथं उंदरानं बी वायर कुरतडलीय." सोलून पीळ मारला, वरून टेप लावली, आणि मला स्क्रीनवरचे आकडे वाचून दाखवले, २३१, २२८, २३४.